अडुळसा, गोळ्या आणि डांग्या खोकला

शेळगावात अजूनही लोक मला गुरुजी म्हणतात आणि गुरुजींना सगळं कळतं असं समजून काहीही विचारतात. परवा एकाने विचारलं, नातवाला डांग्या खोकला झालाय असं वाटतं, अडुळशाच्या होमिओपॅथीच्या गोळ्या द्याव्यात का? मी म्हटलं, आधी डॉक्टरकडे ने. तो हिरमुसला. पण विषय डोक्यातून जाईना.

अडुळशाबद्दल मला प्रेम आहे. शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपणाला बरा. पान चावून पाहा, कडू जहर! त्या पानात वासिसिन नावाचं द्रव्य असतं. त्यावरून पुढे ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारं औषध तयार झालं, आणि त्याचाच भाऊ अँब्रोक्सॉल. म्हणजे आजीचा काढा अगदीच खुळा नव्हता. (गरोदर बाईने मात्र तो घेऊ नये, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोटसुद्धा नको.)

होमिओपॅथीतही हे झाड 'जस्टिशिया अधातोडा' या नावाने डांग्या खोकल्यासाठी सांगतात. पण '३०' लिहिलेली बाटली म्हणजे काय? एका थेंबात ९९ थेंब मिसळायचे, त्यातला एक घेऊन पुन्हा ९९, असं तीस वेळा. शाळेत शिकवलेलं साधं गणित आहे. बाराव्या पायरीच्या आसपासच मूळ पानाचा शेवटचा कणही संपतो. मग उरते साखर. साध्या सर्दीला साखर चालेल, ती आपोआप जातेच. डांग्या खोकला तसा जात नाही.

तो जंतूंमुळे होतो आणि तान्ह्या बाळात फार फसवा असतो. मोठ्या मुलासारखी 'हूप' ऐकू येतेच असं नाही, बाळाचा श्वासच थांबतो, निळं पडतं. तिथे दोन दिवस गोळ्यांची वाट पाहणं परवडत नाही. दुसऱ्या टोकाला, २०२५ साली छिंदवाड्यात खोकल्याच्या दूषित सिरपने लहान मुलं दगावली. त्यानंतर लोक बाटलीला घाबरून गोळ्यांकडे वळले तर मला नवल वाटणार नाही. भीती समजते, पण या आजारावर खरा इलाज बाटलीतही नाही नि डबीतही नाही. तो आहे लसीत. आमच्या वेळी तिला त्रिगुणी म्हणत. आता पेंटाव्हॅलंट, दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना, मग दीड वर्षाच्या सुमारास आणि पाचव्या वर्षी बूस्टर.

माझी खरी काळजी वेगळीच आहे. गाळप सुरू झालं की इंदापूर, बारामतीकडे बीड, अहिल्यानगरच्या टोळ्या येतात. कोपीत तान्ही बाळं असतात, आई पहाटेच फडात. नेमके डोसाचे दिवस निघून जातात. बागायतदार, मुकादम यांनी उचल किती दिली ते लक्षात ठेवतातच, बाळांची कार्डंही एकदा पाहावीत. आशाताईंना कोपीचा पत्ता सांगावा. कार्ड बीडचं असो वा हरवलेलं, इथल्या सरकारी केंद्रातही डोस फुकटच मिळतो.