डबा मना शे!



मधल्या सुट्टीत दोन मुलांचे भांडण सोडवायला गेलो होतो. पाचवीतला एक विद्यार्थी काकुळतीने म्हणाला, "सर, हाऊ डबा मना शे!" माझे शिक्षण हिंदी माध्यमातले. माझ्या कानाला 'मना' म्हणजे मनाई. मी दरडावून विचारले, "डबा कोणी मना केला?" सगळी मुले खो खो हसली, तोही हसला. अहिराणीत 'मना' म्हणजे 'माझा', हे मला एका शिक्षिकेने सांगितले. पण तोपर्यंत मी ओशाळून बोलून गेलो होतो, "आधी शुद्ध बोलायला शीक!" त्याचे हसू तिथेच मावळले. आता तो माझ्याशी 'हो सर', 'नाही सर' यापुढे बोलत नाही.

धुळे, नंदुरबार, जळगावहून गोडादरा-लिंबायत भागात आलेल्या आपल्या कुटुंबांची ही बोली विनोदाची खाण आहे. अहिराणीत 'कथा' म्हणजे 'कुठे'. "कथा जाई ऱ्हायनी वं बाई?" असे विचारले आणि बाई सत्यनारायणाला निघाली असेल, तर उत्तर येते, "कथाले!" प्रश्नातही कथा, उत्तरातही कथा!

ही बिघडलेली मराठी नव्हे. तिचा 'शे' गुजरातीच्या 'छे'जवळचा आहे. ग्रियर्सन यांनी आपल्या भाषा-सर्वेक्षणात खानदेशीची नोंद मराठीच्या खंडात न करता १९०७ च्या भिल्ली भाषांच्या खंडात केली. २०११ च्या जनगणनेतही खानदेशी स्वतंत्र भाषा म्हणून नोंदली असून तिचे भाषक १८ लाखांहून अधिक आहेत.

बोलीला हसणे वेगळे आणि बोलीतून हसवणे वेगळे. मच्छिंद्र कांबळींच्या 'वस्त्रहरण'ने १९८० पासून मालवणीतून महाराष्ट्राला पोट धरून हसवले. तिथे विनोदाचा मालक मालवणी माणूसच होता. शाळेत न गेलेल्या बहिणाबाईंची बोली लेवा वळणाची. तिच्यातला मिश्किलपणा १९५२ साली पुस्तकरूपाने आला आणि आज तो शाळेत शिकवला जातो.

काही पालक म्हणतात, "सर, बोलीने परीक्षेत मार्क जातील." उत्तरपत्रिकेत प्रमाण मराठीच हवी, ती आम्ही शिकवूच. पण दोन भाषांमधली कोटी कळायला दोन्ही भाषा याव्या लागतात. आपल्या मुलांच्या कानावर अहिराणी, मराठी, गुजराती, हिंदी अशा चार भाषा रोज पडतात. त्यातली घरची भाषा आपण लाजून लपवायला लावली, तर तोटा कोणाचा?

म्हणून विश्वस्त मंडळींना विनंती, यंदाच्या स्नेहसंमेलनात अर्धा तास बोलीतील विनोद, कोडी आणि आजी-आजोबांच्या गमतींसाठी द्यावा. नियम एकच : बोलणाऱ्याला हसायचे नाही, विनोदाला हसायचे. पालकांनीही घरी 'गावंढळ बोलू नको' म्हणणे सोडावे.

पहिला किस्सा मीच सांगेन, डब्याचा. त्याआधी त्या विद्यार्थ्याची, सर्वांसमोर, माफी मागेन.

आपला,
मुख्याध्यापक