कार्ड जुनं, ड्रायव्हर शाबूत

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा आधार काढून घेतला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते, म्हणून धडधाकट संगणकही एका दिवसात म्हातारे ठरले. चेन्नईतली गिंडीची औद्योगिक वसाहत १९५८ची. अशा ठिकाणच्या लहान कारखान्याला बिलं आणि मालाच्या नोंदी ठेवायला दहा वर्षांपूर्वीचा संगणक आजही पुरतो. तो भंगारवाल्याला देण्याआधी त्यावर लिनक्स चढवून पाहायला हवं.

पण नेट चालेल का?

या एका प्रश्नापाशी बहुतेक जण अडतात आणि नेटवर्क कार्डाच्या खोक्यावरचं नाव शोधत बसतात. त्या नावाला फारसा अर्थ नाही. कार्डं विकणारे ढीगभर, चिप बनवणारे मोजकेच. टर्मिनलवर ‘एलएसपीसीआय -एनएन’ ही आज्ञा दिली की चिपचा क्रमांक समोर येतो. १०ईसी:८१३९ दिसलं तर ती रियलटेकची ८१३९. स्वस्त पीसीआय कार्डांत ही चिप सर्रास असायची, आणि तिचा ‘८१३९टू’ हा ड्रायव्हर दोन दशकं उलटली तरी लिनक्सच्या कर्नलमध्ये आहे. तो आपोआप चढला नाही, तर ‘मॉडप्रोब’ या आज्ञेने चढवायचा. त्याआधीच्या आयएसए कार्डांचा जाच मात्र खरा होता. आयआरक्यू आणि पोर्टचा पत्ता हाताने जुळवायचा, आणि साउंड कार्डाशी टक्कर झाली की दोन्ही गप्प.

वायफायची रड वेगळी. अनेक कार्डांना फर्मवेअरची फाइल लागते. ती डेबियन या लिनक्स वितरणाच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये नसे, म्हणजे नेट सुरू करायला आधी नेट हवं! जून २०२३च्या डेबियन १२पासून ही फर्मवेअर सोबतच येऊ लागली.

सी-डॅकच्या चेन्नई केंद्राने डेबियनवरच ‘बॉस’ ही प्रणाली उभी केली. ती मराठीतही चालते. प्रणाली सरकारी पैशातून झाली, पण ती जुन्या यंत्रावर बसवून देणारे हात पुरेसे घडवले नाहीत. गिंडीत सरकारी आयटीआय आहे, आपल्याकडे तालुक्या-तालुक्यात आहेत. चिप ओळखणं, ड्रायव्हर चढवणं, आयपी पत्ता देणं हे तिथे प्रात्यक्षिक म्हणून शिकवायला काय हरकत आहे?

सगळंच वाचवता येणार नाही. डेबियन १३ने ३२-बिट संगणकांसाठी इन्स्टॉलर देणं बंद केलं आहे. मात्र ६४-बिट यंत्रात फक्त कार्डच मेलेलं निघालं, तर यूएसबीला जोडायचं इथरनेट अडॅप्टर काही शे रुपयांत मिळतं.