पहिला माल उधार कुणी दिला?

आमच्या विद्यापीठात नुकताच ‘उद्योजकता सप्ताह’ झाला. पाहुण्यांनी धीरूभाई अंबानींची गोष्ट सांगितली. चोरवाडच्या शाळामास्तरांचा मुलगा, एडनला पेट्रोल पंपावर राबलेला, मुंबईत भुलेश्वरच्या चाळीत संसार थाटलेला, आणि मग रिलायन्स. शेवटी म्हणाले, हिंमत असेल तर जात आडवी येत नाही. टाळ्या पडल्या. मी मागच्या रांगेत होते. अरविंद अडिगांची ‘द व्हाइट टायगर’ त्याच आठवड्यात दुसऱ्यांदा वाचून संपवली होती, त्यामुळे टाळीसाठी हात उचलेना.

2008 साली बुकर मिळालेल्या या कादंबरीतही गरिबाचा उद्योजक होतो. बिहारमधल्या रिक्षावाल्याचा मुलगा बलराम हलवाई चहाच्या टपरीवरून ड्रायव्हर होतो आणि शेवटी बंगळुरूत टॅक्सी कंपनीचा मालक बनतो. त्याचं भांडवल कुठून आलं हे तो लपवत नाही. मालकाचा गळा चिरून त्याने 7 लाखांची बॅग पळवली. सवर्ण समीक्षकांना यात काळा विनोद दिसतो. मला हिशेब दिसतो. ज्याला कुणी उधार देत नाही, त्याच्या हाती पैसा कसा येणार, हा त्यातला प्रश्न आहे.

धीरूभाईंच्या चरित्रात या प्रश्नाचं उत्तर ‘हिंमत’ असं दिलेलं असतं. पण तीच चरित्रं नीट वाचा. एडनला त्यांच्या आधी थोरले भाऊ रमणिकभाई पोचलेले होते. 1958 च्या सुमारास मुंबईत धंदा सुरू केला तो चंपकलाल दमाणी या नात्यातल्याच भागीदाराबरोबर. मस्जिद बंदरला छोटीशी खोली, एक टेबल, तीन खुर्च्या, एक टेलिफोन. या वर्णनात सगळे टेबल-खुर्च्या मोजतात, मी टेलिफोनपाशी थांबते. पलीकडे फोन उचलणारा माणूस कोण असतो? सुताचा बाजार उधारीवर चालतो, उधारी शब्दावर, आणि शब्दाची किंमत घराण्यावर, आडनावावर. मोढ बनियाच्या मुलाकडे पैसे नसतील, पत असते. त्यांची गरिबी खोटी होती असं मी म्हणत नाही. कष्टही खरेच. पण गरीब असणं आणि बेपत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी आपल्या देशात जन्माने मिळते.

याच मुंबईत चाळीस वर्षं आधी एका तरुणाने गुंतवणुकीचा सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. कोलंबियात अर्थशास्त्र शिकून आलेला, पुढे 1923 साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिणारा. गिऱ्हाइकांना त्याची जात कळली आणि व्यवसाय बंद पडला. बाबासाहेबांकडे हिंमत कमी होती का?

माझ्या वडिलांनी तालुक्याच्या गावी किराणा दुकान टाकलं होतं. शेजारच्या दुकानदाराला घाऊक व्यापारी महिन्याच्या उधारीवर माल टाकायचा, पप्पांना रोख मागायचा. कारण विचारलं की म्हणायचा, “तुम्ही नवीन आहात ना.” तीन वर्षं पप्पा नवीनच राहिले. चौथ्या वर्षी दुकान बंद झालं.

अडिगांशीही माझं भांडण आहे. बलराम म्हणतो, पूर्वी हजार जाती होत्या, आता दोनच उरल्यात, मोठ्या पोटाची आणि लहान पोटाची. हे वाक्य अनेकांना फार आवडतं, कारण त्यात जात सुटते. पण त्याच कादंबरीत गाडी शिकवणारा त्याला टोमणा मारतो की मिठाई बनवणाऱ्यांना गाडी कशी जमणार, आणि जमीनदार नोकरी देताना वरची जात की खालची ते विचारतो. नायकापेक्षा कादंबरीतल्या प्रसंगांना जास्त कळतं. शिवाय बलराम दलित नाही. मालकाला मारल्यावर गावाकडच्या आपल्या कुटुंबाचं काय होणार हे त्याला ठाऊक आहे, तरी तो मारतो. दलित वस्तीला एवढ्या निमित्ताचीही गरज पडत नाही. बिहारच्या लक्ष्मणपूर बाथेत 1997 साली 58 माणसं मारली गेली, आणि शिक्षा झालेल्या सर्व 26 जणांना 2013 साली पाटणा उच्च न्यायालयाने निर्दोष सोडलं.

2012 साली ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’त देशातल्या 1000 मोठ्या कंपन्यांच्या संचालकांची जातवार पाहणी छापून आली. शंभरातले सुमारे 93 पुढारलेल्या जातींचे, अनुसूचित जाती-जमातींचे मिळून साडेतीन. म्हणजे हिंमत नेमकी याच घरांत वाटली गेली, असं मानायचं का?

प्रश्नोत्तरांत मी उभी राहिले. “सर, धीरूभाईंना पहिला माल उधार कुणी दिला?” पाहुणे हसले. “बेटा, सगळीकडे जात शोधू नये.” माईक पुढच्या रांगेत गेला. तिथल्या मुलाने विचारलं, स्टार्टअपसाठी सुरुवातीचे पैसे कसे उभे करायचे? पाहुणे म्हणाले, “आधी घरच्यांकडे आणि नातेवाइकांकडे मागा. सगळे तसंच करतात.”