सॅम नुजोमा आणि आमचा कोयता
नामिबियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष सॅम नुजोमा ८ फेब्रुवारी २०२५ रोजी गेले, तेव्हा आमच्या पाटोदा तालुक्यातले कित्येक बांधव ऊसतोडीला फडावर होते. एकेकाळी रेल्वेत झाडू मारणारा हा माणूस १९५९ मध्ये करारमजुरीविरुद्धच्या संघटनेचा अध्यक्ष झाला. ओवाम्बो मजुरांना बायकामुलांपासून तोडून खाणीत राबवणारी ती पद्धत १९७१-७२ च्या संपाने हादरली. देश स्वतंत्र झाला २१ मार्च १९९० ला. पुढे तिसऱ्या कार्यकाळासाठी नुजोमांच्याच पक्षाने राज्यघटना बदलली, हे आम्हाला खटकते. व्यापारी शेतीची बहुतांश जमीनही गोऱ्यांकडेच राहिली. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला याच विसंगतीचा इशारा दिला होता. आमच्याकडे मत आहे, पण मुकादमाची उचल काही फिटत नाही.