सव्वाशे किलोमीटरला केवढी गाडी?

सातारा ते सांगली, कराड-पेठ नाक्यावरून, साधारण सव्वाशे किलोमीटर. टिगोर ईव्हीची २६ किलोवॅट-तासांची बॅटरी एका चार्जमध्ये तेवढं अंतर आरामात कापते. तरी सल्ला येतोच : सेडान काढ, एसयूव्ही घे. महिंद्राच्या एक्सईव्ही ९ई ची मोठी बॅटरी ७९ किलोवॅट-तासांची. म्हणजे एका गाडीत तीन टिगोरच्या बॅटऱ्या! रोज एकट्यानं ऑफिसला जाताना हे ओझं कशाला वाहायचं? शेताची वाट खरंच खाचखळग्यांची असेल, तर जरूर घ्या. पण रुबाबासाठी घेताना पर्यावरणाचं नाव पुढे करू नका. कोयना शेजारी असली, तरी महाराष्ट्राची बरीचशी वीज कोळशाचीच आहे. चांगली चालणारी सेडान अजून पाच वर्षं चालवा. हप्ता वाचेल, कोळसाही.