लेकीचे नाव कोणत्या यादीत?

मतदार यादीचे काम करणारे बीएलओ म्हणजे बहुतेक गावांत आपल्याच शाळेतले गुरुजी, नाहीतर अंगणवाडीच्या ताई. शाहूवाडी तालुक्यात एका वाडीवरून दुसऱ्या वाडीवर जायचे तर मध्ये ओढा, चढ आणि आंब्याकडून येणारा पाऊस. तिथे घरोघर फिरून नावे गोळा करणे म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकांना सांगून समजायचे नाही. अशाच एका गुरुजींबरोबर मी एका घरी गेलो होतो. पडवीत घोंगडे अंथरले गेले, चहा आला. गुरुजींनी विचारले, "अठरा पुरी झालेलं घरात कोण हाय का?"

मुलगा कोल्हापुरात कॉलेजला, होस्टेलवर राहणारा. त्याचा अर्ज वडिलांनी लगेच पुढे ओढला. सहीच्या जागी येऊन थांबले आणि म्हणाले, "मीच करतो की त्याची." गुरुजींनी नको म्हणून सांगितले. मुलगी मलकापूरच्या कॉलेजात, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. तिच्याबद्दल विचारले तेव्हा वडील म्हणाले, "तिचं ऱ्हाऊ द्या की गुरुजी. पुढच्या साली लगीन करायचं. सासरी घालतील नाव."

मुलगी तिथेच कपबश्या गोळा करीत होती. ती काही बोलली नाही.

घर वाईट नव्हते. लेकीला एसटीचा पास काढून देणारे, पदवीपर्यंत शिकवणारे घर होते. म्हणून तर हा प्रसंग मनातून जाईना. मताचे वय २१ वरून १८ वर आणणारी ६१ वी घटनादुरुस्ती २८ मार्च १९८९ पासून अमलात आली. देशाने तरुणांवर टाकलेला तो विश्वास होता. पण तो विश्वास आपल्या उंबऱ्याच्या आत शिरला का? मुलाच्या नावाचे बाप ठरवतो, मुलीच्या नावाचे अजून न ठरलेले सासर ठरवते!

आधी मुलाचे पाहू. शिक्षणासाठी गाव सोडलेल्या विद्यार्थ्याने नाव कुठे नोंदवायचे, हा प्रश्न घरोघरी पडतो आणि कोणी नीट उत्तर देत नाही. उत्तर सोपे आहे. शिकण्यासाठी तात्पुरते बाहेर गेल्याने गावचे राहणे सुटत नाही, म्हणून आईवडिलांच्या पत्त्यावर नोंदणी करता येते. किंवा जिथे शिकतो तिथल्या होस्टेलच्या पत्त्यावरही करता येते. अट एवढीच की शिक्षण मान्यताप्राप्त संस्थेतले आणि किमान एक वर्षाचे असावे. सोबत प्राचार्य, कुलसचिव किंवा अशाच अधिकाऱ्याचा बोनाफाईड दाखला जोडावा लागतो. निवड विद्यार्थ्याची. दोन्हीकडे मात्र नाव ठेवता येत नाही. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात त्याला मनाई आहे, आणि अर्जात खोटे लिहिले तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आमच्या भागात हे मुद्दाम सांगावे लागते. मुंबईला गेलेल्या माणसांची नावे इथेही आणि तिथेही, आणि निवडणूक आली की रात्रीतून गाड्या भरून माणसे गावात, हे चित्र नवे नाही. मतदारांना फुकट वाहनाने आणणे हाही कायद्याने भ्रष्टाचारच ठरतो, पण ते असो.

मला विचाराल तर वाडीवरच्या मुलाने नाव गावातच ठेवावे. कारण भावनेचे नाही. घटनेच्या २४३ व्या कलमाप्रमाणे ग्रामसभा म्हणजे गावच्या मतदार यादीत नाव असलेली माणसे. नाव कोल्हापूरला नेले की पाण्याच्या योजनेबद्दल ग्रामसभेत उठून विचारण्याचा हक्कही तिकडेच गेला. उलट एखादा मुलगा पाच-सहा वर्षे शहरातच काढणार असेल, तिथल्याच रस्त्यांवरून आणि तिथल्याच नळाच्या पाण्यावर, तर त्याने शहर निवडावे. त्यात गद्दारी नाही. पण हे त्याने ठरवावे, बापाने नव्हे आणि गल्लीतल्या पुढाऱ्याने तर नव्हेच. एका मताने काय होते, असे म्हणणाऱ्यांना आमच्याच मतदारसंघाची आठवण द्यावी. शाहूवाडी विधानसभेचा २०१४ चा निकाल अवघ्या ३८८ मतांनी लागला. मलकापूरच्या कॉलेजातले चार-पाच वर्ग भरतील एवढीच ही मते.

आता मुलीचे. "सासरी घालतील" या तीन अक्षरी-चार अक्षरी शब्दांत केवढा काळ जातो, याचा हिशेब कोणी करीत नाही. लग्न लांबते, नोकरी लागते, पुढचे शिक्षण सुरू होते. लग्न झाले तरी सासरी रेशनकार्डात नाव चढेपर्यंत, आधारवरचा पत्ता बदलेपर्यंत आणखी वर्ष-दोन वर्षे. अठराव्या वर्षी मिळालेला हक्क चोविसाव्या वर्षी हाती येतो, आणि मधल्या निवडणुका निघून जातात. माहेरी तोवर दारूचे दुकान बंद करण्यासाठी 'आडवी बाटली'चे मतदान झाले, तरी यादीत नसलेल्या मुलीला त्यात जागा नाही. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींमध्ये निम्म्या जागा स्त्रियांसाठी आहेत, एकविसाव्या वर्षी सदस्यपदासाठी उभे राहता येते. पण यादीत नावच नसेल तर उभे कुठून राहायचे?

आणि नाव काही जमिनीत पुरलेला दगड नव्हे. लग्नानंतर फॉर्म ८ भरला की ते सासरच्या पत्त्यावर जाते, नावात बदल असेल तर तोही त्याच फॉर्मवर होतो. ओळखपत्राचा क्रमांक तोच राहतो. म्हणजे माहेरी घातलेले नाव वाया जात नाही, लेकीबरोबर सासरी जाते.

स्त्रीचे नाव ही आपल्याकडे जुनीच अडचण आहे. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या याद्या झाल्या तेव्हा उत्तर व मध्य भारतातल्या लाखो बायकांनी आपले नाव सांगितलेच नाही. अमक्याची बायको, तमक्याची लेक, एवढेच लिहून दिले. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी मान्य केल्या नाहीत आणि सुमारे २८ लाख स्त्रिया १९५१-५२ च्या मतदानाला मुकल्या. कठोर वाटले तरी पुढच्या वेळी बायका स्वतःच्या नावाने यादीत आल्या. आपली लेक तर नाव सांगायला लाजत नाही. कॉलेजच्या हजेरीपटावर तिचे नाव रोज पुकारले जाते.

कामाचे तेवढे सांगतो. पूर्वी १ जानेवारीला अठरा पूर्ण नसतील तर वर्षभर थांबावे लागे. २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा धरल्या जातात, आणि सतरा पूर्ण झाले की अर्ज आधीच देऊन ठेवता येतो. नव्या नावासाठी फॉर्म ६. फोटो, वयाचा पुरावा, पत्त्याचा पुरावा. मोबाईलवरूनही भरता येतो. वाडीवर रेंज नसेल तर कागदी अर्ज बीएलओकडे किंवा शाहूवाडीला तहसील कार्यालयात. निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ करणारे बरेच असतात, पण उमेदवारी अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवसानंतर यादीत नाव चढत नाही. ग्रामपंचायत, जिल्हा परिषदेला तर राज्य निवडणूक आयोग आधीचीच एखादी तारीख ठरवतो आणि त्या दिवसाची विधानसभेची यादी घेतो.

त्या दिवशी निघताना गुरुजींनी मुलाचा अर्ज सहीसाठी ठेवून दिला. मग पिशवीतून आणखी एक कोरा फॉर्म ६ काढला आणि वडिलांकडे न देता मुलीच्या हातात दिला. "बाळ, तुझा तू वाच आन् भर."

वडिलांनी एकदा गुरुजींकडे पाहिले, एकदा माझ्याकडे. नको म्हणाले नाहीत. मुलीने अर्ज उलटसुलट करून पाहिला आणि फोटो लागतो का म्हणून विचारले. लागतो म्हटल्यावर म्हणाली, "सोमवारी कॉलेज सुटल्यावर मलकापुरात काढते. घरला यायला एक गाडी उशीर होईल, आबा."