खड्यालाही पावतीवर जागा हवी

प्रति,
महासंचालक,
भारतीय मानक ब्यूरो,
मानक भवन, नवी दिल्ली

महोदय,



पालघर तालुक्यातल्या मुरबे गावातून हे पत्र लिहीत आहे. खाडीपलीकडे सातपाटी, उत्तरेला तारापूर, आणि मधल्या किनारपट्टीवर आमचं मासेमारीचं गाव. हंगामात हाताशी चार पैसे उरले की त्यांचं सोनं होतं. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीत होड्या वर ओढल्या की त्यातलं बरंचसं सोनं गहाण पडतं आणि नारळी पौर्णिमेनंतर हळूहळू सोडवलं जातं. आमच्याकडे दागिना ही हौस आहेच, पण त्याआधी ती घराची शिल्लक आहे.

आपल्या हॉलमार्कने या शिलकीला मोठा आधार दिला. जून २०२१ पासून तो टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून एचयूआयडीचा सहा अंकाक्षरी क्रमांक असल्याशिवाय नवा हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. बोईसरच्या बाजारात मासळी विकणारी बाई आज मुलीला मोबाईलवर तो क्रमांक तपासायला सांगते. सोनं कमी कसाचं निघालं तर फरकाच्या दुप्पट भरपाई मिळण्याची तरतूदही आपल्या नियमांत आहे. पण त्याच दागिन्यातला खडा निखळला की हे सगळं संरक्षण तिथेच संपतं.

खडा का पडतो, हे सराफांना पक्कं ठाऊक असतं. २२ कॅरेटच्या सोन्यात ९१.६ टक्के शुद्ध सोनं, म्हणजे धातू मऊ. खडा धरून ठेवणारी बारीक टोकं वापराने झिजतात, वाकतात. म्हणूनच हिऱ्याचे दागिने बहुधा १८ कॅरेटमध्ये घडवतात. जडावकामात खड्याखाली लाख असते, ती उष्णतेने सैल होते. स्वस्त दागिन्यात खडा नुसता चिकटवलेला असतो आणि खारं पाणी, घाम, साबण यांपुढे तो चिकटा टिकत नाही. अमेरिकन डायमंडच्या पुष्कळ दागिन्यांत खडे आधी मेणाच्या साच्यात बसवतात आणि मग सोनं ओततात. त्यातला एक पडला की तो तसाच पुन्हा बसवणं कठीण. आमच्या बायकांचे हात दिवसभर बर्फात आणि खाऱ्या पाण्यात असतात, जाळ्याचा नायलॉनचा धागा अंगठीच्या टोकात अडकतो. रोज वापरायची अंगठी हवी असेल तर टोकांवर उभा असलेला खडा घेऊ नका, सगळीकडून सोन्याच्या कडेने वेढलेला घ्या, एवढं तरी विकताना कुणी सांगायला हवं. सांगत नाहीत.

आणि पडल्यावर? "कुठेतरी आपटलं असेल." "खड्याची गॅरंटी नसते." "ठेवून जा, आठ दिवसांनी या." दागिना काउंटरमागे जातो, तिथून अनेकदा दुसऱ्या गावच्या कारागिराकडे, आणि ग्राहकाच्या हाती कार्डाच्या पाठीवर खरडलेले दोन शब्द उरतात. माझ्या आत्याच्या कुड्या अशाच एका पेढीवर एक मोती बसवायला दिल्या होत्या. परत आल्या तेव्हा तिला एकाऐवजी तीन मोती वेगळे दिसले. पॉलिश केल्यामुळे तसं वाटतंय, असं उत्तर मिळालं. पेढीवाले खरं बोलत होते की नाही, हे मी आजही सांगू शकत नाही, कारण देताना मोती कसे होते याची कुठेच नोंद नव्हती. जुन्या घरांतल्या नथींमध्ये बसऱ्याचे, म्हणजे इराणच्या आखातातले नैसर्गिक मोती असू शकतात. त्यांच्या जागी संवर्धित मोती आला तर साध्या डोळ्यांना फरक ओळखता येत नाही, त्यासाठी प्रयोगशाळेत क्ष-किरण लागतात.

सगळे सराफ असे नाहीत. काही जुने सोनार आजही समोर बसवून खडे मोजतात, दागिना काट्यावर ठेवतात, भिंगातून एकेक टोक बघतात, कानाजवळ हलवून सैल खड्याचा आवाज ऐकतात आणि मगच हातात घेतात. त्यांची ही पद्धत चांगुलपणावर का सोडायची?

कायदा नाही असंही नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम १५१ सांगतं की दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेणाऱ्याने ती सर्वसाधारण समजूतदार माणूस स्वतःची वस्तू जपतो तशी जपली पाहिजे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली पैसे घेऊन केलेली दुरुस्ती ही सेवाच आहे. पण जिल्हा आयोगापुढे उभं राहायचं तर काय दिलं होतं आणि काय परत आलं, हे दाखवणारा कागद लागतो. तोच नसतो.

असा कागद करणं अवघड नाही, हे रिझर्व्ह बँकेने दाखवून दिलं आहे. २०२५ च्या सोनेतारण कर्जाच्या निर्देशांनुसार कर्ज देणाऱ्याने दागिन्याचं एकूण वजन, निव्वळ वजन, खडे-लाख-दोरा यांची वजावट, आधीचं तुटकं-फुटकं आणि दागिन्याचा फोटो, हे सगळं प्रमाणपत्रात द्यायचं आहे. खड्याची किंमत मात्र कर्जात धरत नाहीत. म्हणजे ज्या खड्याला बँक कवडीची किंमत देत नाही, त्याचीही ती नोंद ठेवते, आणि ज्याने तो पैसे घेऊन विकला, त्याच्यावर मात्र तशी सक्ती नाही.

महोदय, हॉलमार्कच्या बिलात दागिन्याचं वर्णन, सोन्याचं निव्वळ वजन, शुद्धता आणि हॉलमार्कचं शुल्क वेगळं दाखवणं आपण बंधनकारक केलेलंच आहे. त्याच बिलात खड्यांची संख्या, वजन आणि प्रकार यावा: नैसर्गिक, प्रयोगशाळेतला की काच. खडा पडल्यास किती काळ विनामूल्य बसवून मिळेल आणि हरवलेल्या खड्याचा खर्च कुणाचा, हेही बिलावरच छापलेलं असावं. दुरुस्ती आपल्या कक्षेत येत नाही, असं आपलं खातं म्हणू शकेल. पण सराफांची नोंदणी आपण करता, ती विनाशुल्क आणि कायमची देता. मग दुरुस्तीला घेतलेल्या दागिन्याची पावती, त्यावर एचयूआयडी, वजन, खड्यांची मोजदाद आणि फोटो, ही अट त्या नोंदणीला जोडायला काय हरकत आहे? आज प्रत्येक पेढीवर काटाही आहे आणि मोबाईलही.

हे नियम येईपर्यंत गावातल्या बायकांना मी एवढंच सांगतो आहे की मोजून, तोलून, फोटो काढून आणि सहीची पावती घेऊनच दागिना द्या, पावती नाही तर दागिना नाही. पण सोनाराशी वर्षानुवर्षांची ओळख असते आणि तोंडावर पावती मागायला जीभ रेटत नाही. आपला नियम असेल तर ती मागावी लागणार नाही. तो करावा, ही विनंती.

आपला,
मुरबे येथील एक ग्राहक